‘आमच्या अखत्यारीत येत नाही’ : कर्ली खाडीच्या काठावरून एक खुले पत्र

प्रति,
सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं कर्ली नदीचं खोरं आणि कर्लीची खाडी यांच्याविषयी ज्यांच्या सहीने निर्णय होतात, ते सर्व अधिकारी आणि लोकप्रतिनिधी,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या वाडीला तिसरं पत्र आलं. पहिलं आलं तेव्हा पाऊस ओसरत होता, दुसरं तुळशीच्या लग्नानंतर आलं. तीन पत्रं, तीन वेगळी कार्यालयं. जावक क्रमांक, शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. आणि तिन्हींच्या शेवटी तेच एक वाक्य : ‘सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.’

ही ‘सदर बाब’ म्हणजे आमच्या खाजणाचा, खाडीलगतच्या भातजमिनीचा, बांध. आषाढ अमावास्येच्या उधाणाला त्याचा चाळीसेक फुटांचा तुकडा खाडीत बसला. वाहून गेला नाही, बसला. पायाखालची माती काढून घेतल्यावर भिंत खचते तसा. मागच्या कुणग्यांत नुकतीच लावणी झाली होती. दोन भरत्यांत खारं पाणी गुडघाभर चढलं आणि आठवड्यात रोपं तांबडी पडली. यंदा अठरा घरांनी तांदूळ विकत आणला. त्यातलं एक घर माझं.

अर्ज आम्ही आधी एका कार्यालयात दिला. तिथे सांगितलं, बांध शेतीचा आहे, पण जागा भरतीरेषेच्या आत येते, तेव्हा दुसरीकडे जा. दुसरीकडे म्हणाले, पाण्याचा भाग आमचा, मातीचा नाही. तिसरीकडे म्हणाले, बांधाला तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, लागलेली आहेत, त्यांना हात लावायचा तर परवानगी पाहिजे, आणि ती देणारे आम्ही नव्हे. यातला प्रत्येकजण माझ्याशी नीट बोलला, एकाने तर खुर्ची दिली, चहा सांगितला. माझा राग कुठल्याही माणसावर नाही. पण खाडी चार टेबलांवर वाटून टाकल्यावर ती कुणाचीच उरत नाही, हे मी या आठ महिन्यांत डोळ्यांनी पाहिलं, आणि ते मला मुकाट्याने मान्य करता येत नाही. म्हणून आता हे पत्र सगळ्यांच्या समोर लिहिते आहे.

मी कोण, हे आधी सांगते. माझं माहेर माणगाव खोऱ्यात, सासर नेरूरपारचा पूल आणि देवबागचं टोक यांच्या मधल्या एका वाडीत. माहेरच्या अंगणातून जो व्हाळ वाहतो, त्याचंच पाणी सासरच्या परसामागून समुद्राला जातं. खाडीकाठच्या प्राथमिक शाळेत मी २७ वर्षं शिकवते. दर वर्षी थंडी पडली की चौथीच्या मुलांना घेऊन एक सहल काढते, डोंगरापासून खाडीच्या मुखापर्यंत. परिसर अभ्यास पुस्तकातून शिकवता येतो, पण ज्या नदीच्या काठी मूल जन्मलं ती कुठून येते हे त्याने एकदा पाहिलेलं बरं, असं मला वाटतं. त्या सहलीच्या वाटेनेच तुम्हाला नेते, कारण फाइलींत हे खोरं कधी सलग दिसलं असेल असं मला वाटत नाही.

आम्ही पहाटे निघतो आणि शिवापूरच्या बाजूला जातो. समोर मनोहर आणि मनसंतोष हे दोन गड, त्यांच्या मागे सह्याद्रीची भिंत. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि या भिंतीला तर तो कोसळतच असतो. डिसेंबरात मात्र इथे इतकं शांत असतं की मुलं आपोआप हळू बोलायला लागतात. जांभ्याच्या गडग्यांमधून पायवाट, खाली पोफळीची बाग, बागेत पाटाचं पाणी, वर कुठेतरी धनेशाच्या पंखांचा घरघरता आवाज. व्हाळाच्या कोंडात पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजावेत. दरवर्षी कुणीतरी पोर विचारतंच, ‘बाई, हीच आपली खाडी?’ हो, हीच. अजून हिच्यात मिठाचा कण नाही आणि वाळूचे कण इथेच घडताहेत. तो गोटा झिजतो, फुटतो, पावसापावसाने खाली सरकतो. आमच्या बांधाखालची वाळू इथून निघून यायला किती पिढ्या लागल्या असतील, याचा हिशेब मला मांडता येत नाही. ती काढायला मात्र एक रात्र पुरते.

माणगाव खोऱ्यातून निर्मला येते. टेंब्ये स्वामींचं जन्मगाव म्हणून माणगाव सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आम्हा माहेरवाशिणींना ते पावसात वाट बंद होणारं गाव म्हणून जास्त ठाऊक. आंबेरीचा पूल पाण्याखाली गेला की खोऱ्यातल्या वीस-पंचवीस गावांचा संपर्क तुटायचा. माझ्या बाळंतपणाच्या वेळी आई दोन दिवस पुलापलीकडे अडकून पडली होती. याच आंबेरीत २०१५ साली खोऱ्यात पकडलेले तीन रानटी हत्ती आणून बांधले होते. त्यांनी माड मोडले, केळी मोडल्या, लोक रात्र रात्र जागे राहिले, हे खरं. पण त्यांतले दोन तिथेच दगावले, तेव्हा ज्यांच्या बागा त्यांनी तुडवल्या होत्या त्याच बायका रडल्या. माझी काकी त्यांतली एक. हे इथे सांगायचं कारण एवढंच, की या खोऱ्यातल्या माणसाला रानाशी, पाण्याशी भांडण नको असतं. त्याला फक्त वेळेवर कुणीतरी लक्ष द्यायला हवं असतं.

पुढे कुडाळला याच पाण्याला भंगसाळ म्हणतात. महामार्गावरून जाणारे तिला पुलावरून पाहतात, पूर आला की बातम्यांत तिची पातळी वाचतात. त्या बातम्यांत नाव असतं कर्ली. मग नेरूर, वालावल. वालावलला लक्ष्मीनारायणाच्या देवळासमोर मुलांना खाऊ देते. पलीकडच्या अंगाला, मालवण तालुक्यात, धामापूरचा तलाव. १५३० साली विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी दोन डोंगरांमध्ये मातीचा बांध घालून तो बांधून घेतला, असं सांगतात. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचनस्थळ म्हणून मान मिळाला. जवळपास पाचशे वर्षं मातीचा बांध टिकला. मुलांना मी नेहमी विचारते, का टिकला? यंदा एका मुलीने उत्तर दिलं, ‘कारण त्याच्या खालची माती कुणी काढली नाही.’ मी तिला काय सांगणार होते? आमचा बांध पडून तेव्हा चारच महिने झाले होते आणि तिच्या घरचे कुणगे त्यात गेले होते.

नेरूरपारच्या खाली नदीचा आवाज थांबतो आणि खाडी सुरू होते. पाणी दिवसातून दोनदा वर येतं, दोनदा खाली जातं. काठाला चिपी, तिवर, कांदळ, चिखलात मारांदीची काटेरी पानं. पांढऱ्या चिपीला २०२० मध्ये राज्याचं कांदळवृक्ष म्हणून जाहीर केलं, ते झाड आमच्या शाळेच्या मागेच आहे. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, चिखलावर पाणमांजराच्या पायांचे ठसे उमटलेले असतात आणि शेजारी कुर्लीच्या कवचाचा चुरा. शेवटी देवबाग. उजवीकडे समुद्र, डावीकडे खाडी, मधे माडांची एक चिंचोळी पट्टी, तिच्यावर घरं, शाळा, देवळं. टोकाला संगम, पलीकडे भोगव्याचा किनारा. मुखात वाळूचं जे बेट आहे, ते २००४ च्या त्सुनामीनंतर वर आलं म्हणून त्याला त्सुनामी बेटच म्हणतात. मुलं तिथे चपला काढून धावतात, आणि सहल संपते.

आता जे बिघडलं आहे ते सांगते.

सगळ्यात आधी वाळू. माझ्या घराच्या स्लॅबमध्ये याच खाडीची वाळू आहे, हे मी लपवणार नाही. माझे सासरे हातपाटीचं काम करायचे. बांबू रोवून होडी उभी करायची, पाटी घेऊन बुडी मारायची, भरली की वर ओढायची. दोन माणसं सुकतीपासून भरतीपर्यंत मेली तरी एक होडी भरत असे. पाऊस आला की वरून नवी वाळू उतरत असे आणि खड्डा बुजत असे. ते वाळू काढणं आणि आज रात्री जे चालतं ते काढणं, यांना एक शब्द वापरणं मला जमत नाही. आज सक्शन पंप लागतो. पाण्यासकट तळ ओढला जातो, वाळू होडीत आणि गढूळ पाणी परत खाडीत. गेल्या वर्षी दुसरीच्या वर्गात ‘माझे गाव’ या विषयावर पाच ओळी लिहायला दिल्या होत्या. एका मुलाने लिहिलं, ‘आमच्या खाडीत रात्री ट्रॅक्टर चालतो.’ त्याला तो आवाज ट्रॅक्टरचा वाटला. झोपेत त्याच्या भिंतीतून तो येत असतो. खाडीत रात्री ट्रॅक्टर चालत नाही, हे सात वर्षांच्या मुलाला कळायचं राहिलं म्हणून मी ती ओळ चूक म्हणून खोडली नाही.

सागरी किनारा नियमनाचे नियम मी वाचले आहेत. या क्षेत्रात वाळूचे उंचवटे काढायची मुभा आहे ती पारंपरिक समाजांना, हाताने, यंत्राशिवाय. खारफुटीबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ रोजी निकाल दिला, तिच्याभोवतीचे पन्नास मीटरही राखायला सांगितले. २०११ च्या किनारा अधिसूचनेत देशातल्या ज्या मोजक्या किनाऱ्यांना अतिसंवेदनशील म्हणून वेगळं काढलं, त्यांत मालवणचं नाव आहे. म्हणजे कायदा आहे, निकाल आहे, नकाशा आहे. आम्ही नवं काही मागत नाही.

पूर येतो म्हणून गाळ काढायलाच हवा, असं आम्हाला नेहमी सांगितलं जातं. गाळ काढा. कुडाळला ज्या वस्तीत पाणी शिरतं तिथे काढा, डोंगरात चिऱ्याच्या खाणींची माती जिथे पावसात सुटून व्हाळात येते तिथे तिला आधी अडवा. पण वरची तांबडी चिकणमाती वेगळी आणि खाली खाडीच्या तळाची वाळू वेगळी. एकीच्या नावाने दुसरी नेली जाते आहे. खाडीचं तोंड उपसून कुडाळच्या बाजारपेठेतला पूर उतरलेला मी तरी पाहिला नाही.

तळ खाली गेला की काय होतं, हे समजायला मला अभियंता व्हावं लागलं नाही. भरतीचं पाणी आधी जिथे थांबायचं त्याच्या पुढे वर जायला लागलं. आमच्या वाडीतल्या चार विहिरी आता मार्चपासून मचूळ होतात. चुलीवर डाळ शिजत नाही, दूध घातलं की चहा फाटतो. घरात म्हातारं माणूस रक्तदाबाचं असेल तर त्याला ते पाणी द्यायचं की नाही, हा प्रश्न आम्ही कुठल्या टेबलावर न्यायचा? काठ सुटतात ते निराळेच. पायथ्याची वाळू गेली की वरचा काठ आपल्याच वजनाने खचतो, आणि सोबत माड, तिवर, बांध जे असेल ते घेऊन जातो. आमचा बांध तसाच गेला. तो पडला त्या जागेसमोर खाडीत काठी घातली तर आधी कंबरभर पाणी असे. दिरांनी परवा सोळा फुटी बांबू घातला, तो तळाला टेकला नाही.

तिसऱ्यांबद्दल, म्हणजे खाडीच्या वाळूतल्या खायच्या शिंपल्यांबद्दल, मला थोडं जास्त लिहू द्या, कारण तुमच्या कुठल्याच अहवालात त्या असणार नाहीत. माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. पन्नास वर्षं त्या सुकतीला खाडीत उतरल्या. तिसऱ्या डोळ्यांनी शोधत नाहीत, पायांनी शोधतात. टाच वाळूत रोवून अर्धी फिरवायची, अंगठ्याला कडक लागलं की वाकून काढायची. लग्नानंतर मला त्यांनी हेच पहिलं शिकवलं, स्वयंपाकाच्याही आधी. हातात बारीक तिसरी आली की त्या म्हणायच्या, ‘बी आसा ता, थयच ठेव,’ आणि मी परत वाळूत दाबत असे. दोन तासांत ओचा भरायचा. घरापुरत्या ठेवून बाकीच्या बाजारात वाटे लावून विकायच्या. त्या वाट्यांवर माझ्या नवऱ्याचं आणि दोन दिरांचं शिक्षण झालं. आमच्या वाडीत अशी अकरा घरं होती.

तिसऱ्यांचं बी वाळूच्या वरच्या थरात असतं. पंप तोच थर पहिला ओढतो. दोन वर्षांपूर्वी सासूबाई शेवटच्या उतरल्या, तासाभरात परत आल्या. टोपलीत मूठभर शिंपले, निम्मे रिकामे. पाय धुता धुता एवढंच म्हणाल्या, ‘खाडी आटूक नाय गे, तळ गेलो तिचो.’ त्यानंतर त्या उतरल्या नाहीत. अकरा घरांपैकी आता दोन घरांतल्या बायका जातात, त्याही पलीकडच्या काठाला. या बायकांचं नुकसान कुठल्या पंचनाम्यात येतं? त्यांच्या नावावर होडी नाही, जाळं नाही, सातबारा नाही. त्यांच्याकडे फक्त सुकतीची वेळ होती.

माशांचंही तेच. मालवणच्या समुद्रात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९.१२ चौरस किलोमीटरचं. चांगलं आहे. पण समुद्रातले कितीतरी मासे आणि सुंगटं लहानपणी खाडीत, तिवरांच्या मुळांत वाढतात, हे पाग टाकणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा. पाळणा उघडा टाकून घराला कुंपण घालण्यासारखं हे झालं.

देवबागच्या लोकांचं दुःख मी त्यांच्या वतीने बोलणार नाही, ते बोलायला समर्थ आहेत. शेजारीण म्हणून एवढंच म्हणते : समुद्राच्या बाजूला दगडांचे बंधारे घालायचे आणि खाडीच्या बाजूने तळ उपसू द्यायचा, या दोन गोष्टी एकाच सरकारच्या हातून एकाच पट्टीवर होता कामा नयेत. वाळूचं टोक टिकतं ते नवी वाळू येत राहिली तर.

पर्यटनाबद्दल. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा झाला, तेव्हा मी नोकरीला नवी होते आणि मला आनंद झाला होता. आजही आहे. माझे किती विद्यार्थी आज होड्या चालवतात, खोल्या देतात, जेवण रांधतात, मुंबईला न जाता घरी राहून कमावतात. त्यांच्या पोटावर पाय यावा असं मला मुळीच वाटत नाही. त्यांचंच म्हणणं आहे की मुखाजवळच्या उघड्या पाण्यात काय ते खेळ चालू देत, पण तिवरांमधल्या अरुंद फाट्यांत वेगाने होड्या नकोत. एक यांत्रिक होडी जोरात गेली की लाट काठावर दहा वेळा आपटते. आधीच सुटलेला काठ तो किती वेळा सोसेल? शांतता पाहायला लोक येतात आणि ती इंजिनाने फोडून परत जातात, यात त्यांचाही तोटा आहे.

वरच्या खोऱ्याबद्दलही एक तक्रार आहे, आणि ती माझ्या माहेरची आहे. खाडीसाठी बैठक झाली की खोऱ्यातल्या माणसाला बोलावत नाहीत. खोऱ्यातल्या धरणाचा, बंधाऱ्याचा, खाणीचा विषय निघाला की खाडीवरच्याला बोलावत नाहीत. टाळंबा धरणाची चर्चा मी लहानपणापासून ऐकते आहे. धरण व्हावं की नाही यावर माझ्या माहेरीच दोन मतं आहेत आणि दोन्ही घरांत मी जेवते. पण इतक्या वर्षांत खाडीकाठच्या एकाही माणसाला कुणी विचारलं नाही की वरचं गोडं पाणी अडलं तर खाली तुमचं काय होईल. उन्हाळ्यात नदीतून येणारं जे थोडं गोडं पाणी आहे तेच खाऱ्याला मागे रेटून धरतं. ते किती असतं, कुठे मोजतात, कोण मोजतं? मला कुणी सांगितलं तर मी मुलांना शिकवीन.

आमच्या मागण्या या आहेत.

यंत्राने वाळू काढणं बंद करा, आणि ते बंद झालं आहे हे रात्री येऊन पाहा. दिवसा खाडी नेहमीच शांत असते. हातपाटीवाल्यांना परवाना द्या, त्यांच्या होड्यांवर ठळक क्रमांक घाला, किती काढायची ते ग्रामसभेसमोर ठरवा. आमची ओळखीची माणसं आहेत ती, त्यांना चोरासारखं रात्री काम करावं लागू नये.

नेरूरपारपासून संगमापर्यंत खाडीच्या तळाची खोली मोजा. पावसाआधी एकदा, पावसानंतर एकदा. आकडे मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. पुलांच्या खांबांजवळची खोलीही त्यात असू द्या. आकडे आल्याशिवाय पुढच्या वर्षी वाळूचा एकही गट लिलावाला काढू नका. मोजमापाला माणसं कमी पडत असतील तर होड्या आणि बांबू आम्ही देतो.

तिसऱ्यांच्या आणि कालवांच्या जागा नकाशावर आणा. त्या कुठे आहेत हे सांगणाऱ्या बायका अजून जिवंत आहेत, पण त्या साठीच्या पुढच्या आहेत. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगाव समित्या झाल्या, लोक जैवविविधता नोंदवह्या झाल्या. आमच्या गावच्या वहीत खाडीला दीड पान आहे. या बायकांना बरोबर घेऊन ती पानं भरा आणि त्या जागांत वाळूला, जेट्टीला, कशालाच परवानगी देऊ नका.

पडलेला बांध पावसाच्या आत बांधून द्या. श्रमदान आम्ही करू, चिरा आणि माती गावात आहे, तिवरं न तोडता बांधता येईल अशी जागा आम्ही दाखवू. आम्हाला तांत्रिक सल्ला आणि लेखी परवानगी हवी आहे. शिमगा तोंडावर आला आहे, मृगाला तीन महिनेच उरतात. खारं पाणी आणखी एक पावसाळा आत राहिलं तर ती जमीन पुढे काही वर्षं भाताला येणार नाही.

मचूळ झालेल्या विहिरींचं पाणी तपासा आणि उन्हाळाभर टँकर द्यायचा की नळ, ते एप्रिल उजाडण्याआधी ठरवा.

अरुंद फाट्यांत होड्यांना वेगाची मर्यादा घाला. यासाठी होडीवाल्यांची सभा घ्या. ते तयार आहेत.

आणि शेवटची मागणी, माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठी. मनोहरगडाच्या पायथ्यापासून संगमापर्यंतच्या या एका पाण्यासाठी एक माणूस उत्तर द्यायला ठेवा. वर्षातून दोनदा खोऱ्यातली गावं आणि खाडीवरची गावं एकत्र बसतील अशी बैठक घ्या. कार्यालयात नको, काठावर घ्या. ज्या अर्जावर ‘अखत्यारीत येत नाही’ लिहायची वेळ येईल, त्यावर त्याच वेळी कुणाच्या अखत्यारीत येतं तेही लिहा आणि तो अर्ज तुम्हीच तिकडे पाठवा. आमच्या वाडीतून तालुक्याला जायचं तर मोलकरणीचा, मजुराचा एक दिवसाचा रोज बुडतो. तीन कार्यालयांचे तीन रोज आम्ही आधीच भरले आहेत.

तुमच्यापैकी जे कुणी हे वाचतील त्यांना आमच्याकडे यायचं आमंत्रण आहे. येत्या अमावास्येला उधाणाची सुकती पहाटे पाच-साडेपाचला लागेल. पडलेला बांध, उघडा पडलेला काठ आणि खोल गेलेला तळ तेव्हा एका नजरेत दिसतो; तासाभराने पाणी चढायला लागलं की सगळं झाकून जातं. म्हणून रात्रीच मुक्कामाला आलात तर उत्तम. आवाजही ऐकायला मिळेल. घर माझं आहे, जेवायला भात विकतचा असेल, पण सोलकढी घरची. होडी माझे धाकटे दीर आणतील. सासूबाईंना विचारलं, त्या काठापर्यंत येते म्हणाल्या. पायांत काही घालून येऊ नका, चिखल गुडघाभर आहे.

आपली,
कर्ली खाडीकाठची एक शिक्षिका, वाडीतल्या अठरा घरांच्या वतीने